बारा कळांची पट्टी

गेल्या चैत्रांत आमच्या चिरंजीवांनीं बंगळुराहून एक लहानसें खोकें पाठविलें. उघडून पाहतों तों आंत पत्त्यांच्या जोडाएवढी काळी पट्टी, तीवर बारा कळा व संगणकास जोडावयाची तार. सोबतच्या चिठ्ठींत मजकूर होता कीं, "बाबा, ही केवळ ई-पत्रांकरितां आहे. एक कळ दाबली कीं एक काम." आमच्या नातीनें लगोलग कागदाचे चौकोन कापून त्यांवर 'नवें पत्र', 'उत्तर', 'सर्वांस उत्तर', 'पुढें पाठवा', 'टाकून द्या' अशीं नांवें सुवाच्य अक्षरांत लिहून चिकटविलीं, आणि त्याच दिवसापासून घरांत दोन पक्ष पडले.

आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, ज्या कळफलकावर शंभराच्या आसपास कळा आहेत त्याला आणखी बारांची जोड कशाला? घरांत पोळपाट असतांना पुरीसाठीं दुसरा पोळपाट कोणी घेतें काय? यावर नातीनें, "मग पुऱ्यांचें यंत्र कोणीं आणलें, आजी?" असा प्रश्न केला व तो वाद तेथेंच राहिला.

वस्तुतः या पट्टींत स्वतःची अशी विद्या कांहींच नाहीं. जीमेलमध्यें संक्षेप-कळांची सोय अगोदरच आहे. फक्त ती 'सेटिंग्ज'मध्यें जाऊन चालू करावी लागते. मग 'सी' दाबतांच नवें पत्र उघडतें, 'आर'नें उत्तर, 'ए'नें सर्वांस उत्तर, 'एफ'नें पत्र पुढें धाडतां येतें, व 'एस'नें पत्रावर तारा उमटतो. पट्टी तींच अक्षरें आपल्या वतीनें संगणकास कळविते, इतकेंच. ज्यानें आयुष्यभर संस्कृत शिकविलें त्याला यांत नवल वाटूं नये. पाणिनीनें चौदा सूत्रांच्या आधारें 'अच्' म्हटलें कीं सर्व स्वर आणि 'हल्' म्हटलें कीं सर्व व्यंजनें अशी सोय कधींच करून ठेविली आहे. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माचा आनंद होतो, असें आमचे गुरुजी सांगत. मात्र तें लाघव भोगण्यापूर्वीं तीं चौदा सूत्रें मुखोद्गत करावीं लागतात. ज्याचें पाठांतर आहे त्याला पट्टी नको, हें आमचें मास्तरकीचें मत होतें, व तें आम्ही जेवतांना दोन-तीनदां बोलूनही दाखविलें.

परंतु पाठांतरालाही कांहीं आधार लागतो. 'रिप्लाय'चा 'आर' समजतो. पण पुढच्या पत्रावर जाण्यास 'जे' आणि मागच्यावर येण्यास 'के' कां? याचा शोध घेतां मोठी गंमत कळली. १९७६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत बिल जॉय यांनीं 'व्हीआय' नांवाची लेखनप्रणाली रचली. ते ज्या यंत्रावर काम करीत त्यावर बाणांच्या निराळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण काढलेले होते. तें यंत्र गेलें, बाण गेले, अक्षरांची खूण तेवढी उरली. आमच्या घरांत आजोबांच्या वेळच्या कांहीं चाली अशाच चालूं आहेत, म्हणून आम्ही हंसलों नाहीं.

असो. श्रावणांत इंदूरच्या दादांचें एक सामाईक पत्र आलें. भाद्रपदांत सर्वांनीं गांवच्या घरीं जमावें असा मजकूर, आणि तें ३१ नातलगांस धाडलेलें. आम्हांस मात्र एकट्या दादांस दोन ओळी लिहावयाच्या होत्या. मधल्या वहिनींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेंत विम्याच्या बाहेर राहिलेले ९०,००० रुपये आम्हां दोघां भावांनीं मिळून भरले होते. वहिनी मानी, म्हणून सर्व खर्च विम्यांतून भागला असें आम्हीं त्यांना सांगितलें होतें.

आम्हीं पट्टीवरील 'उत्तर' ही कळ दाबली. ती बहुधा अर्धवट दाबली गेली असावी, कारण पत्राची चौकट उघडलीच नाहीं. आमचें टंकलेखन एका बोटाचें, दृष्टि कळांवर; पडद्याकडे न पाहतांच 'साष्टांग नमस्कार' लिहावयास आरंभ केला. आम्ही मराठी अक्षरें इंग्रजी कळांनींच उमटवितों. चौकट उघडी नसल्यानें पहिल्या 'एस'नें दादांच्या पत्रावर तारा लागला, आणि दुसऱ्या अक्षरानें, म्हणजे 'ए'नें, 'सर्वांस उत्तर' उघडलें! बाकीचीं अक्षरें तींत बिनबोभाट उतरलीं. वर पाहिलें तों 'अष्टांग नमस्कार' उमटलेलें. यंत्रानें 'स' आणि 'अष्टांग' असा विग्रह करून दाखविला होता, आणि आम्हीं काय केलें? 'स' राहिला असें समजून तो घातला. शुद्धलेखन तपासलें, पत्र कोणाकोणास जात आहे तें तपासलें नाहीं. "वहिनींस अजून विमाच वाटतो, तसेंच वाटूं द्यावें," असें लिहून पत्र रवाना केलें व चहास उठलों. पाठविलेलें पत्र परत घेण्यास जीमेल कांहीं सेकंद देतें. ती मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवितां येते, पण आमची मूळचीच पांच सेकंदांची होती.

पट्टीचा यांत दोष किती? पट्टी नसती तर संक्षेप-कळा आम्हीं चालू केल्या नसत्या, आणि त्या चालू नसत्या तर तीं दोन अक्षरें वाऱ्यावर गेलीं असतीं. एकदां त्या चालू केल्या म्हणजे बारा कळाच नव्हे, सगळा कळफलकच जागा होतो, हें चिठ्ठींत कोणीं लिहिलें नव्हतें. चिरंजीवांना आम्हीं दूरध्वनीवर पुष्कळ बोलून घेतलें. तें आतां अन्यायाचें वाटतें.

आठ दिवस वहिनींचा फोन नाहीं. नवव्या दिवशीं सांगलीहून स्वतः आल्या, काठी टेकीत. पाणी घेतलें आणि म्हणाल्या, "भाऊजी, पैसे दिलेत याचें मला कांहीं वाटलें नाहीं. मी लहान मूल असल्यासारखें फसविलेंत, याचें वाटलें." आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मग त्यांनींच हिशेब मांडला. दरमहा हजार रुपये, नव्वद महिने. "साडेसात वर्षें होतात. साडेसाती समजा आणि सोसा." दादा नको म्हणतील, तुम्हीही म्हणाल, पण ऐकणार नाहीं, असेंही त्यांनीं बजाविलें.

निघतांना त्यांची दृष्टि मेजावरील पट्टीकडे गेली. संधिवातानें त्यांचीं बोटें वांकडीं झालीं आहेत. माउस नेमक्या जागीं नेऊन दाबणें जमत नाहीं, आणि पत्र टाकून द्यावयाचें तर साध्या कळफलकावर 'शिफ्ट' व तिनाचा आंकडा हीं दोन्हीं एकदम दाबावीं लागतात. पट्टीवर तें काम एका कळेचें. त्यांनीं दोन-चार कळा दाबून पाहिल्या व विचारलें, "ही तुम्हांला लागते का हो?"

पट्टी तेव्हांपासून सांगलीस आहे. आम्हीं आमच्या संक्षेप-कळा बंद केल्या व परतीची मुदत तीस सेकंद करून घेतली. वहिनींचें पत्र दर महिन्याच्या एक तारखेस येतें: हजार रुपये पाठविले, पोंच द्यावी. आणि तें त्या चुकतां 'सर्वांस उत्तर' हीच कळ दाबून, एकतीसही जणांस पाठवितात. चूक म्हणावी तर दर महिन्याला तीच कशी होईल?