नवरा सांगलीत, बायको लीड्सला

जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने विद्यार्थ्यांच्या जोडीदारांसाठीचं दार जवळजवळ बंद केलं. संशोधन पदवी किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तरच नवऱ्याला किंवा बायकोला सोबत नेता येतं. त्याच वर्षी ११ मार्चपासून नव्याने जाणाऱ्या केअर वर्करनाही जोडीदार नेण्याची सोय उरली नाही. वर्षभराच्या एमएससीसाठी बायको लीड्सला आणि नवरा सांगलीत, अशी जोडपी ब्रिटनमध्ये इमिग्रेशन सल्लागार म्हणून काम करताना मला आता सतत भेटतात. लग्नाचं पहिलंच वर्ष असं फोनवर काढायला लावणारा हा नियम मला निर्दय वाटतो. त्यांच्या हाती उरतो तो व्हिजिटर व्हिसा, एका भेटीला जास्तीत जास्त सहा महिन्यांचा.

या अर्जाला बहुतेक वेळा मुलाखत नसते. अधिकारी कागद वाचतो आणि ठरवतो. तुमचं एकमेकांवर प्रेम आहे का, हा त्याच्यापुढचा प्रश्नच नसतो. हा माणूस ठरल्या दिवशी परत जाईल का, एवढंच त्याला पाहायचं असतं. आणि बायको तिथे असणं हेच न परतण्याचं सबळ कारण दिसतं. म्हणून कुणीतरी सल्ला देतं, ‘बायकोचं नावच काढू नका, फिरायला जातोय म्हणा.’ याइतका घातक सल्ला दुसरा नाही. अर्जात जोडीदाराची माहिती विचारलेली असते आणि बायकोच्या अर्जात नवऱ्याचं नाव आधीच नोंदलेलं असतं. लपवाछपवी फसवणूक ठरली, तर पुढची दहा वर्षं अर्ज नाकारले जाऊ शकतात. इतर देशांनी पूर्वी नाकारलेले व्हिसाही त्याच प्रामाणिकपणे सांगायला हवेत.

लोक लग्नाचा अख्खा अल्बम जोडतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन-चार फोटो पुरतात. खरी मेहनत घ्यायला हवी ती इकडच्या आयुष्याच्या पुराव्यावर. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र हवं आणि पगाराची स्लिप बँकेच्या नोंदीशी जुळायला हवी. शेती असेल तर अडचण वेगळी. कारखान्याकडून उसाचं बिल एकरकमी जमा होतं. सांगलीत त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्याला ती अर्जापुरती उसनी घेतलेली रक्कम वाटू शकते. कारखान्याची बिलाची पावती जोडावी, सातबाऱ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावं आणि सोबतच्या पत्रात दोन वाक्यांत खुलासा करावा. मामांकडून ऐनवेळी खात्यात पैसे टाकून घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवते. बायकोने ‘सगळा खर्च मी करीन’ असं लिहून दिलं, तरी सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येणाऱ्या विद्यार्थिनीचा तो शब्द फार वजनदार ठरत नाही.

किती दिवस मागायचे, यातही शहाणपण आहे. रजा तीन आठवड्यांची आणि अर्जातला मुक्काम पाच महिन्यांचा, हे जुळत नाही. तिची सुट्टी किंवा पदवीदान समारंभ गाठून नेमक्या तारखा द्याव्यात. ऑफिसचं थोडं काम तिथून केलेलं आता चालतं, मात्र ते प्रवासाचं मुख्य कारण असता कामा नये.

लग्न व्हायचं असेल आणि ते तिकडेच करायचं असेल, तर साधा व्हिजिटर व्हिसा चालत नाही, मॅरेज व्हिजिटर व्हिसा घ्यावा लागतो. ‘आधी भेटीला जाऊ, मग तिथूनच व्हिसा बदलून घेऊ’ हा मार्ग तर दोन्ही प्रकारांत बंद आहे.

कुटुंबभेटीचा व्हिसा नाकारल्यास पूर्वी अपील करता येत असे. जून २०१३ मध्ये तो सर्वसाधारण हक्क गेला. मानवी हक्कांचा मुद्दा असेल तरच ती वाट उरते. बाकीच्यांना नवा अर्जच करावा लागतो. नकाराच्या पत्रातल्या प्रत्येक आक्षेपाला नव्या कागदाने उत्तर द्या. तेच कागद पुन्हा धाडले तर उत्तरही तेच येतं.

ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. पात्र वकील वगळता इतर सल्लागारांची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे, ती पाहूनच माणूस निवडा. आणि फॉर्म कुणीही भरलेला असो, पाठवण्याआधी त्यातली ओळ न् ओळ स्वतः वाचा. एजंटाने घातलेल्या खोट्या माहितीचा फटका अर्जदारालाच बसतो.