पाठीवरचे तारे

जुळे सोलापुरात माझ्याकडे कुणी आजोबांच्या वेळची टपाल तिकिटं घेऊन आलं, की मी ती आधी पालथी घालते. आणणाऱ्याला राजाचा चेहरा दाखवायचा असतो. पण पाचव्या जॉर्जचं तिकीट कुठे छापलं, हे पाठच सांगते. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवायचं, लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचे दोन थेंब सोडायचे (जवळपास निरांजन, उदबत्ती अजिबात नको), की कागदातलं जलचिन्ह उठून दिसतं. एकच तारा असला तर ते लंडनच्या डी ला रू कंपनीचं. बारीक ताऱ्यांच्या ओळी दिसल्या तर आपल्या नाशिक रोडचं! तिथे १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२६ पासून टपाल तिकिटं तिथून निघू लागली. राजा तोच, किंमत तीच; छापखाना मात्र आपल्या मुलखात आला होता.

मी गोळा करते ते हे छपाईतले भेद. अमेरिकेत बेसबॉलपटूंची जुनी कार्डं जमवणारेही हेच करतात. १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या एका संचात मॅगी नावाच्या खेळाडूच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं, मग सुधारलं गेलं. चुकलेलं कार्ड तिथे सोन्याच्या मोलाचं. आपल्याकडे तो मान १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटाला आहे. त्यात व्हिक्टोरिया राणीचं डोकं उलटं छापलं गेलं. ते माझ्या हाती येणार नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. छापखाना कसा चालतो हे स्वस्तातली तिकिटंच जास्त शिकवतात.

मात्र कुठलाही डाग म्हणजे भेद नव्हे. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. चादर विणताना धागा तुटला तर तो त्या एका चादरीचा दोष. जेकार्डच्या पुठ्ठ्याला भोकच चुकीच्या जागी पडलं तर नक्षी प्रत्येक चादरीत चुकते. मी शोधते तो हा दुसरा दोष. १५ ऑगस्ट १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट घ्या. त्यात मूर्तीचं चित्र आरशात पाहावं तसं उलटं उमटलं आणि पुढे केलेला हात डावा झाला. १९५० मध्ये सुधारित तिकीट आलं, त्यात हात उजवा आहे. दोन्ही आजही परवडतात. शेजारी शेजारी लावली की दुरुस्ती डोळ्यांना दिसते. नवशिक्यानं सुरुवात इथूनच करावी.

जलचिन्हातला बदल १९५७ च्या नये पैशांच्या नकाशा मालिकेतही सापडतो: आधी कागदात तारे होते, पुढे अशोकस्तंभाचे सिंह आले.

माझा सर्वांत जीव जडला आहे तो १९७१ च्या तिकिटांवर. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले आणि १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैसे जादा लागू झाले. त्यासाठी कुटुंब नियोजनाचं पाच पैशांचं तिकीट घेऊन त्यावर हिंदी-इंग्रजीत ‘शरणार्थी सहायता’चा मजकूर नाशिकला छापला गेला. पण देशभर पुरतील इतकी तिकिटं एकदम पोचणार कशी? मग बंगळूर, जयपूर अशा ठिकाणी तिथल्या तिथेच मजकूर छापून घेतला गेला, कुठे रबरी शिक्क्यांवर भागवलं. म्हणून अक्षरांची घडण गावोगाव वेगळी. कुठे शाई फुटलेली, कुठे ओळ तिरकी. १ डिसेंबरला निर्वासितांच्या चित्राचं खास तिकीट आलं, पण त्या मधल्या पंधरवड्याची घाई या अक्षरांत जशीच्या तशी राहिली आहे. एवढ्या माणसांच्या पोटाची सोय पाच-पाच पैशांनी करू पाहणारा देश मला त्यांत दिसतो.

रबरी शिक्का आज कुणीही बनवून घेऊ शकतो, त्यामुळे यांत खोटा माल खूप. म्हणून मी सुटं तिकीट घेत नाही. टपालात फिरलेलं अख्खं पाकीट घेते. गावाचं नाव आणि तारीख वाचता येईल असा टपालाचा शिक्का हवा, आणि तो तिकिटावरून पाकिटावर सलग उतरलेला हवा.