गहाळ झालेला 'नका'

आमची सारी नोकरी कर्नाटकाच्या महसूल खात्यात गेली. पावसाळ्यात तालुका कचेरीतून जिल्ह्याला ट्रंक कॉल लावावा, घसा ताणून पावसाचे आकडे सांगावेत आणि प्रत्येक आकडा पलीकडच्या कारकुनाकडून परत वदवून घ्यावा, अशी तेव्हाची रीत होती. निवृत्तीनंतर ती आम्ही सोडली आणि नेमके तिथेच फसलो.

चिरंजीव टोरांटोला असतात. काकतीच्या जुन्या घरातून त्यांच्याशी बोलणे होते ते इंटरनेटच्या फोनवरून. एकदा घरामागच्या परड्याचा विषय निघाला. गिऱ्हाईक दारात आले होते. उत्तर आले, "बाबा, परडं विकू..." आणि पुढचा आवाज विरून गेला. आम्ही "काय?" म्हणालो, त्याच क्षणी तोही बोलू लागला. दोघेही थांबलो, पुन्हा दोघेही एकदम बोललो. अखेर 'विकू या' असेच म्हणाला असेल, असे धरून आम्ही विसार घेतला. तो म्हणाला होता, "विकू नका."

विसार परत केला. मनाला लागले ते त्याचे वाक्य : "तुम्ही माझं बोलणं पुरं होऊच देत नाही." त्याच्याविषयी आमचीही हीच तक्रार होती!

पुतण्या बेळगावात संगणकाची कामे करतो. जास्त वेगाची जोडणी घ्यावी म्हणून त्याला बोलावले, तर तो म्हणाला, "काका, वेग पुष्कळ आहे, वक्तशीरपणा नाही." आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडून ते धाडले जातात. साध्या दूरध्वनीच्या प्रतीच्या बोलण्यास सेकंदाला 64 किलोबिट पुरतात. पण उशिरा आलेला तुकडा हरवल्यातच जमा. तुकड्यांची वाट पाहावी, तर बोलणे मागे पडते. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. काचेच्या तंतूतून प्रकाशाला 1000 किलोमीटरला 5 मिलिसेकंद लागतात. म्हणजे कॅनडापर्यंतच्या वाटेचे शंभराच्या आसपास. समुद्र निर्दोष सुटला.

गुन्हेगार घरातच निघाला. चोरांच्या भीतीने आम्ही दारावर बसवलेला कॅमेरा अहोरात्र चित्रे बाहेर पाठवीत होता. साध्या टपालाच्या ढिगाखाली तातडीची फाइल दबावी, तसा आमचा आवाज राउटरच्या रांगेत अडकत होता. (अशा फायली आम्हीही दाबल्या असतील; असो.) शिवाय बिनतारी लहरींना दोन मातीच्या जाड भिंती ओलांडाव्या लागत. पुतण्याने कॅमेऱ्याला मर्यादा घातली, आवाजाला रांगेत पुढचा मान दिला आणि माजघरापर्यंत तार ओढून संगणकाला जोडली. प्रतिध्वनी टळावा म्हणून कानाला लावायचे यंत्रही दिले. नव्या जोडणीचा खर्च वाचला.

त्या रविवारी आवाज असा आला, की पलीकडे कुणी कप बशीत ठेवलेलाही ऐकू यावा. सौ.नी विचारले, "परडं ठेवलंय रे. तुम्ही इकडं राहायला कधी येणार?"

पलीकडे शांतता. आम्ही सवयीने म्हणालो, "ऐकू येतंय ना?"

"येतंय, बाबा. स्पष्ट येतंय."

आणि तो पुन्हा गप्प झाला.