उभी राहिली की तापते

आमच्या कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवतो. या विषयाला आताशा फारशी मुलं येत नाहीत. येतात त्यातली निम्मी पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, याचा उपयोग काय?" गेल्या उन्हाळ्यापासून मी त्यांना आमच्या गाडीची गोष्ट सांगतो.

गाडी जुनी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. पण आमच्या घरात तिचं महत्त्व मोठं आहे. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. चार तास यंत्राला जोडून बसायचं आणि परत यायचं. येताना ते इतके गळून गेलेले असतात की रिक्षाचे धक्के सहन होत नाहीत. म्हणून गाडी.

एप्रिलात या गाडीने नवीन खोड काढली. रस्त्यावर धावताना काही नाही. पण टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी थांबलो, की पाचसहा मिनिटांत तापमानाचा काटा वर चढायला लागायचा. फाटक उघडून गाडी चालू लागली की काटा आपसूक खाली. दोनदा तर काटा लाल पट्टीला टेकला. मी इंजिन बंद केलं आणि बाबा काचा उघड्या टाकून उन्हात बसून राहिले. दुसऱ्या वेळी घरी आल्यावर ते म्हणाले, "एखादी खेप चुकवली तर काय बिघडतं रे? तुला त्रास नको." काय बिघडतं ते त्यांना आणि मला दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम सुट्टी घेत नाहीत.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, पाहिलं आणि निकाल दिला, "हेड गॅसकेट गेलंय. हेड उतरवावं लागेल. बावीस हजार धरा आणि गाडी आठ दिवस इथेच." मी विचारलं, "चालताना का तापत नाही मग?" तो म्हणाला, "जुनी गाडी आहे सर, असं होतं."

हे "असं होतं" मला पटेना. मिल नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८४३ साली कारण शोधण्याच्या काही पद्धती ग्रंथात मांडल्या, त्या आम्ही अजून शिकवतो. त्यातली व्यतिरेक पद्धती अगदी साधी आहे. दोन प्रसंग घ्या. एकात घटना घडते, दुसऱ्यात घडत नाही. बाकी सगळं सारखं असून एकाच गोष्टीत फरक असेल, तर कारण तिथे शोधा. आमची गाडी मार्चमध्ये मंगेशीहून येताना चार माणसं आणि सामान घेऊन चोर्ला घाट चढली होती. काटा जागचा हलला नव्हता. गॅसकेट गेलेलं असतं तर इंजिनावर जोर पडताच ते तिथेच बोललं असतं. शिवाय त्याची लक्षणं वेगळी असतात: ऑईल ताकासारखं पांढरट होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात, पाणी कुठे न गळता कमी होतं. यातलं एकही नव्हतं. तेव्हा गाडी तिथे न ठेवता मी ती घेऊन परत आलो.

आमच्या सौ. धारवाडच्या. त्यांच्या माहेरच्या ओळखीतले एक मेस्त्री वडगावच्या बाजूला झाडाखाली काम करतात. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी बरोबर तोच प्रश्न विचारला: कधी तापते? मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "ओडुवाग गाळी ऐतिरी, निंताग इल्लरी."

झालं! मिलची अख्खी व्यतिरेक पद्धती एका वाक्यात आली. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्यावाटे रेडिएटरमध्ये येतो आणि तिथून हवेत जातो. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा ते काम फुकट करतो. उभ्या गाडीला वारा कुठला? तेव्हा तो विजेचा पंखा द्यावा लागतो. पाणी साधारण पंचाण्णव अंशांच्या आसपास गेलं, की पंखा आपणहून सुरू व्हायला हवा.

मेस्त्रींनी तरीही उडी मारली नाही. इंजिन थंड होतं, म्हणून आधी टोपण काढून पाणी पाहिलं. पूर्ण भरलेलं. (गरम इंजिनाचं हे टोपण कधीही उघडू नये. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर, इथे उघड्या पातेल्यात पाणी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं टोपण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण उघडलं, की ते सगळं एकदम तोंडावर.) मग टोपणाचं रबर पाहिलं. ते धड होतं. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकले आहेत का ते पाहिलं. थोडी धूळ होती, पण एवढ्याने काटा चढला नसता.

मग टोपण लावून गाडी चालू करून नुसती उभी ठेवली. आम्ही तिघं तिच्यासमोर उभे, जणू आरतीला. सौ. काट्याकडे बघून सांगत होत्या. काटा मधल्या रेघेच्या वर गेला तेव्हा फ्यूजच्या डब्यातून बारीकसा 'टक्' आवाज आला. मेस्त्रींनी बोट वर केलं. "रिले बंतु." म्हणजे पंखा चालू करण्याचा हुकूम सुटला होता. पंखा मात्र ढिम्म.

आता प्रश्न असा, की वीज पंख्यापर्यंत पोहोचते का? त्यांनी पंख्याच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला. दिवा लख्ख पेटला. म्हणजे फ्यूज, रिले, वायर सगळे निर्दोष सुटले. संशयित एकच उरला. मग त्यांनी हातोडी उलटी धरली, बोटं पात्यांपासून दूर ठेवून लाकडी दांड्याने मोटारीच्या पाठीवर हलकेच दोन टोले दिले, आणि पंखा भर्रकन फिरू लागला! मोटारीतले कार्बनचे ब्रश झिजून तोकडे झाले होते. धक्का बसला की टेकत, नाहीतर अधांतरी. तीन-चार मिनिटांत काटा मधल्या रेघेवर आला. पंखा थांबला. पुढच्या खेपेला 'टक्' झालं आणि पंखा पुन्हा गप्प.

नवी मोटार बसवायला दुपार झाली. मोटार आणि मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम झालं. बावीस हजारांत हेड उतरवून पुन्हा बसवलं असतं, तरी पंखा तसाच मुका राहिला असता, आणि फाटकापाशी काटा पुन्हा चढलाच असता.

वाटेत असं झालं तर काय करायचं, हेही मेस्त्रींनी सांगितलं. काचा उघडून गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. तोही एक छोटा रेडिएटरच असल्याने इंजिनाची उष्णता आत खेचून घेतो. मी म्हटलं, एप्रिलात आजारी माणसाच्या अंगावर हीटर कसा सोडू? ते म्हणाले, मग इंजिन बंद करा आणि फाटक उघडेपर्यंत वडिलांना सावलीत बसवा. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड वाकेल. आणि दर मार्चला रेडिएटरची जाळी आतल्या बाजूने बाहेर अशी धुवा. समोरून जोरात पाणी मारलं तर कचरा आणखी आत बसतो आणि पत्र्याचे दात मुडपतात.

पैसे देऊन निघताना त्यांनी विचारलं, "तंदे हेंगदाररी?" बरे आहेत म्हटलं. जुनी मोटार त्यांनी कागदात गुंडाळून दिली होती. घरी बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, झिजलेला ब्रश नखाने चाचपला आणि विचारलं, "मंगळवारी किती वाजता निघायचं?"