छप्पन्न मिलिमीटर

आमच्या घरात एक गोष्ट आहे आणि तिच्यावरून दोन पार्ट्या आहेत. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं परंड्याकडचं गाव रातोरात सोडलं, तेव्हा आजोबा दहा वर्षांचे होते. वेशीजवळ पडलेल्या तीन रिकाम्या पुंगळ्या त्यांनी चड्डीच्या खिशात कोंबल्या. श्रीपूरच्या मळ्यावर पोचल्यावर पणजोबांना त्या सापडल्या. एक थोबाडीत बसली आणि पुंगळ्या बांधात पुरायला लागल्या. आजी आणि बाबा ‘खरंय’ पार्टीचे. काकांचं मत, अण्णांना रंगवून सांगायची सवयच होती. आजोबा गेले, वाद राहिला.

मागच्या दिवाळीत चुलतभावानं ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. (आयटीतला माणूस. जिम सुटली की दुसरं काहीतरी लागतंच.) बांधावर दोन तास फिरून मिळालं काय, तर खिळे, सोड्याची बुचं, विळ्याचं पातं आणि दोन हिरव्या पडलेल्या पितळी पुंगळ्या! फॅमिली ग्रुपवर ‘आजोबा रॉक्स’चा पाऊस. काकांनी फक्त अंगठा टाकला. मग सगळ्यांचं ठरलं, ‘तू पत्रकार ना? शोध.’

पुंगळी वाचायची असते बुडाकडून. मऊ ब्रश, साधं पाणी. घासाघीस केली तर अक्षरंच जातात. दोन्हींच्या बुडावर ‘केएफ’ निघालं. म्हणजे आपली खडकी! पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना १८६९ चा आणि इंग्रज खडकीला ‘किर्की’ म्हणत, म्हणून ‘के’. दोन्ही पुंगळ्यांना बुडाशी बाहेर आलेली कड, दोन्हींची मान निमुळती. बघणारा म्हणेल, जुळी भावंडं.

पण कॅलिपर लावला आणि भावंडं वेगळी झाली. एक भरली पन्नास मिलिमीटर. ती पॉइंट थ्री-वन-फाइव्हची. लष्करी बोअरची रायफल सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून परवान्यावर ही विकली जाते. उसात रानडुकरं शिरतात, तेव्हा ती पुंगळी कुठून आली असेल याचा अंदाज सगळ्यांनाच आला. काका पहिल्यांदा हसले.

दुसरी छप्पन्न मिलिमीटर. थ्री-नॉट-थ्री. बुडावर ‘४३’ आणि रोमन सात. म्हणजे १९४३ साल आणि ‘मार्क सात’, १९१० मध्ये इंग्रजांच्या फौजेत आलेला, टोकदार गोळीचा प्रकार. मधल्या टोपीवर घोड्याचा खड्डा, म्हणजे काडतूस उडालेलं. (तुमच्या हाताला असं काही लागलं आणि पुढं गोळी शाबूत असेल, तर प्लीज हीरोगिरी नको. तिथंच ठेवा, पोलिसांना कळवा. जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि जुनी दारू कशी वागेल, सांगता येत नाही.)

आजी म्हणाली, ‘बघ, त्रेचाळीस! अठ्ठेचाळीसच्या आधीचं.’ मला तिथंच थांबता आलं असतं. पण आकडा काडतूस बनलं कधी ते सांगतो, उडालं कधी ते नाही. त्रेचाळीसचं काडतूस अठ्ठेचाळीसला वेशीवर उडू शकतं, तसंच वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या पोलिसाच्या रायफलीतूनही. थ्री-नॉट-थ्री आपल्याकडे मरायलाच तयार नव्हती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. शिवाय सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादवर निघालेली फौज सोलापूरहून पूर्वेला, नळदुर्गकडे गेली. श्रीपूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. लढाईनं ती पुंगळी इथवर आणलेली नाही. कुणाच्या तरी खिशानं आणली असेल, किंवा इथंच कुणी रायफल चालवली असेल. आजोबांची गोष्ट यात बसते. सिद्ध होत नाही.

हे सगळं मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला सिद्ध नकोच होतं गं.’ पुंगळी तिनं हातात धरूनच ठेवली.

काका मात्र गप्प. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, ‘एकच बसतेय म्हणतेस. अण्णा तर तीन म्हणायचे.’ मग चुलतभावाला विचारलं, ते मशीन चालू कुठून होतं.