दगड झालेली झाडे पाहायला चला

गव्हाला पहिले पाणी 21व्या दिवशी, दुसरे 42व्या. मधल्या सवडीत मुलाबाळांसह मध्य प्रदेशातील घुघुवा पाहून या. जबलपूरपर्यंत रेल्वे, पुढे शहपुऱ्यामार्गे मोटार. शिदोरी, पाणी अन् थंडीचे कपडे बरोबर असू द्या.

1983 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या सुमारे 27 हेक्टरांत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची झाडे दगड होऊन पडली आहेत. विरघळलेली गारगोटी पाण्यातून लाकडात झिरपली, लाकूड गेले, घडण तशीच राहिली. ताडाच्या बुंध्यातले तंतूसुद्धा ओळखू येतात! निलगिरीही आहे. लाव्हाच्या ज्या थरांची झीज होऊन आपली काळी माती झाली, त्याच थरांच्या मधे ही झाडे गाडली गेली होती.

माहीतगार माणूस सोबत घ्याच, नाहीतर नुसते धोंडे दिसतील. खडाही उचलू नका. आमच्या धाकट्याने एक ढलपी खिशात घातली. फाटकाशी कळल्यावर वाटाड्याने रागावण्याऐवजी विचारले, "कुठून घेतलीस, दाखव." जागा सुटली की दगड काही सांगत नाही, म्हणाला. पोराला ती जागा आठवेना. शोधता शोधता मोटार चुकली. सौभाग्यवती अजून मलाच बोल लावतात.