कोरी ठेवलेली जागा

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्येस, नवाहो प्रदेशाने चहूबाजूंनी वेढलेल्या कोरड्या भूमीत होपी लोक राहतात. सपाट माथ्याच्या तीन डोंगरांवर त्यांची दगडी गावे आहेत. फिनिक्सला मुलीकडे गेले असताना मी तेथे जाऊन आले. सुमारे बाराव्या शतकापासून वसलेल्या ओराइबीत छायाचित्रण, रेखाटन आणि ध्वनिमुद्रण यांस मनाई आहे. कॅमेरा मी पिशवीतच ठेवला.

गाव दाखविणारी होपी स्त्री मोकळेपणाने बोलत होती. मुलाचे कूळ आईकडून ठरते, घर स्त्रीचे असते. वाळूत काठीने खोल भोक पाडून मका पेरतात. त्याला पाटाचे पाणी नाही, भरवसा पावसावर. मात्र पाऊस आणणाऱ्या कात्सिनांच्या विधींविषयी विचारताच ती शांतपणे म्हणाली, “ते सांगण्याचा अधिकार मला नाही.”

मला ते लागले. माझ्या आजीला पाटीपुस्तक नाकारले गेले होते. जोतीराव-सावित्रीबाईंनी घातलेल्या वाटेने मी शिकले, शिक्षिका झाले. ज्ञान झाकून ठेवणे हा अन्याय, एवढेच आमच्या घराने अनुभवातून जाणले होते.

परतल्यावर मी त्यांचा इतिहास वाचला. मुलांना सरकारी शाळांत नेण्यास आणि सामाईक जमिनीच्या वाटणीस विरोध केला, म्हणून १८९५ साली १९ होपी पुरुषांना अल्कात्राझ बेटावर कैदेत ठेवण्यात आले. २०१३ साली होपींचा विरोध असतानाही पॅरिसमध्ये त्यांच्या पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला. आमच्याकडे ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी ज्ञान अडवले. येथे ज्यांच्याकडून पुष्कळ हिरावले गेले, ते उरलेले जपत होते. दोन्हीकडे दार बंदच. पण दोन्हींचा अर्थ एक नव्हे, हे मला उशिरा कळले.

तिचे निरोपाचे शब्दही तेव्हाच उमगले. “बाहेरची माणसे पुष्कळ विचारतात,” ती म्हणाली होती, “आमच्या मुलांनी विचारावे, आणि आमच्या भाषेत विचारावे.” तिची नातवंडे इंग्रजीतच बोलतात. जपलेले ज्ञान ज्यांच्या हाती सोपवायचे, त्यांच्याशीच भाषेचा धागा विरत चालला आहे, ही तिची खरी चिंता होती.

त्या दिवसाच्या रोजनिशीत मी मक्याविषयी लिहिले, घरांविषयी लिहिले. विधींसाठी सोडलेली जागा मी कोरीच ठेवली आहे.